झान, जोन आणि तांदळाचं ताट

हस्तलिखितात नावं त्रेसष्ट होती. बन्सीधरनं ती तीनदा मोजली, कारण पहिल्यांदा एकसष्ट आली होती आणि दुसऱ्यांदा चौसष्ट. त्रेसष्टांपैकी अडतीस इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये सारखीच, फरक नुसता उच्चाराचा. उरली पंचवीस, आणि सगळी अडचण या पंचवीस जणांची. इंग्रज ज्याला हेन्री म्हणत त्याला फ्रेंच आंरी म्हणत. चार्ल्सचा शार्ल होई, पीटरचा प्येर, जेम्सचा झाक. पंचवीसांत राजे सोळा, राण्या चार, धर्मगुरू तीन, सरदार एक आणि मेंढरं राखणारी पोर एक.

बन्सीधर हा वालूरच्या दिनकररावांचा मुलगा, हैदराबादेत रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला. शास्त्र सगळं उर्दूतून शिकला, मोठे ग्रंथ इंग्रजीतून वाचले आणि भांडायला वालूरची मराठी होतीच. इतक्या भाषा पचवलेल्या माणसाला आणखी एक जड जाणार नाही, असं त्याचं त्यानंच ठरवलं होतं. जुन्या बाजारात त्याला फ्रेंच शिकवणारं एक पुस्तक मिळालं होतं, पहिली आणि शेवटची पानं नसलेलं. फ्रेंच माणूस त्यानं जन्मात पाहिला नव्हता. त्यामुळे त्याचे उच्चार कुणी खोडू शकत नसे, आणि यालाच तो अचूकपणा समजे.

नोकरीची दरखास्त देऊन तो घरी बसला होता. बसल्या बसल्या त्यानं गावातल्या मराठी वाचनालयासाठी फ्रान्सचा इतिहास लिहायला घेतला. असा इतिहास वालुरात कुणी मागितला नव्हता.

नावांसाठी त्यानं एक नियम बसवला: माणसाला त्याच्या आईनं ज्या नावानं हाक मारली, ते त्याचं नाव; बाकीच्यांनी ठेवलेलं नाव म्हणजे मोजमापातली चूक. नियम इतका सुटसुटीत होता की बन्सीधर स्वतःवरच खूश झाला.

वाचनालयाचा चिटणीस रायभान हा त्याचा बालमित्र. ओसरीवर तंबाखू मळत तो पानं चाळत होता.

"बन्सी, लेका, हा गियोम कोण?"

"इंग्लंड जिंकलं तो विल्यम."

"मग विल्यम लिही की. इंग्लंडचा राजा न्हाई का तो?"

"राजा नंतर झाला. जन्मला फ्रान्सात. त्याची आई त्याला—"

"त्याची आई तुला पत्र पाठवायली का?" रायभाननं तंबाखू तोंडात टाकली. "आंरी आला काय अन् हेन्री आला काय, आपल्या पटवाऱ्याला दोघंबी नवेच."

पण त्या मेंढरं राखणाऱ्या पोरीपाशी रायभाननंही पानं चाळायचं थांबवलं. इंग्रज तिला जोन म्हणत. तिच्या मुलखात ती झान. खेड्यातली पोर, राजाचं सैन्य घेऊन लढली, शेवटी शत्रूनं, म्हणजे इंग्रजांनी, तिला जिवंत जाळलं. बन्सीधरनं लिहिलं होतं, 'ज्यांनी तिला जाळलं, त्यांच्या तोंडचं नाव आपण का घ्यावं? म्हणून या पुस्तकात ती झान आहे.' हे वाक्य त्यानं रायभानला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा रायभानच म्हणाला, "झान तर झान. पण लय बेस लिहिलंस."

त्याच महिन्यात बन्सीधरचं लग्न ठरलं. मुलगी पिंगळीच्या लिंबाजींची, चौथी शिकलेली, नीटस आणि धीट. नाव दगडाबाई.

नाव बन्सीधरला रुचलं नाही. उद्या नोकरी लागेल, हैदराबादेत बिऱ्हाड होईल, ओळख करून देताना काय म्हणायचं? पण त्याची काळजी रीतच वारणार होती. सून घरात आली की तिचं नाव बदलायचं; नवऱ्यानं ताटात पसरलेल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायचं. आत्या धुरपताबाई नवं नाव विचारायला आली तेव्हा बन्सीधरचं उत्तर तयार होतं.

"कुमुदिनी."

"मायव, केवढं लांब! ताटात मावंल का?"

शंका रास्त होती. बन्सीधरनं आई कस्तुराबाईकडून ताट मागून घेतलं, तांदूळ पसरले, लिहून पाहिलं आणि फूटपट्टी लावली. ताटाचा तळ दहा इंच, नाव साडेआठ. मावत होतं. आई दारातून हे सगळं बघत होती. "त्या पोरीचा फोटो तरी इतका बघितलास का?" एवढंच ती म्हणाली.

लग्नाला आठवडा उरला असताना पिंगळीहून सटवाजी नावाचा गडी निरोप घेऊन आला. निरोप मुलीच्या आईचा, नर्मदाबाईचा होता. आधीची तीन लेकरं वर्षाच्या आत गेली. ही जगावी, कुणाची नजर लागू नये, म्हणून नाव ठेवलं दगडा. आणि पोखर्णीच्या नरसिंहापुढं नवस बोलली, की पोर जगली तर हे नाव कधी टाकणार नाही. पोर जगली. तेवढं नाव बदलू नका, बाईचं दुसरं काही मागणं नाही.

आत्या पोखर्णीलाच दिलेली. विधवा झाल्यापासून माहेरी राहत होती. ती म्हणाली, "नरसिंह आमच्या गावचा हाय. त्याचं आमी बघून घेऊ."

दिनकरराव म्हणाले, "अंगठी पोराच्या हातात ऱ्हाती. त्यालाच विचारा."

बन्सीधरनं सटवाजीला ओसरीवर बसवून समजावलं की नाव आणि मृत्यू यांत कार्यकारण संबंध सिद्ध झालेला नाही, आणि युरोपात नावं बदललेले कितीतरी लोक म्हातारे होऊन मेले. सटवाजीनं सगळं मन लावून ऐकलं.

"असंच सांगू का नर्मदाबाईला?"

"असं नको. सांग, विचार करायलाय म्हणून."

आणि तो विचार करायला बसलाही. पण सोळाव्या राजाचा.

लग्न पिंगळीला झालं. वऱ्हाड रेल्वेनं सेलूपर्यंत आलं आणि तिथून बैलगाड्यांनी वालूरला. नवरीबरोबर पाठराखीण म्हणून तिची मावशी केवळाबाई होती, सोबतीला सटवाजी. ती बसली ती नेमकी रायभानच्या गाडीत. रायभानला वाट सरेना, म्हणून त्यानं तिला झानची सगळी गोष्ट सांगितली, नावाच्या भानगडीसकट.

घरी माप ओलांडून झालं. माजघरात पाट मांडले, तांदळाचं ताट आलं, बाया दाटीवाटीनं बसल्या. बन्सीधरनं अंगठी हातात घेतली आणि सरावलेल्या हातानं 'कु' काढला. छान आला.

"जावईबापू," केवळाबाई म्हणाली, "ती मेंढरंवाली पोर खरंच होऊन गेली का वो?"

"व्हय. पाचशे वर्षं झाली."

"तिला जाळणाऱ्यांनी नाव बदललं म्हणं. अन् तुमी तिला तिच्या आईचं नाव माघारी द्यायलाव."

"व्हय," बन्सीधर म्हणाला. इतक्या बायांत आपल्या पुस्तकाचा विषय निघाला म्हणून तो सुखावलाही.

"बरं केलं बापा," केवळाबाई मनापासून म्हणाली. "लेकराच्या आईला बरं वाटलं असंल."

अंगठी 'मु'वर अडली. ती पाचशे वर्षांपूर्वीची, ही समोरची. ती परकी, ही घरची. तिथं नाव बदलणारे शत्रू होते, इथं नवरा आहे. बन्सीधरनं फरक शोधून पाहिले. एकही फरक असा निघेना, की ज्यानं तो स्वतः बरा दिसावा. प्रयोगशाळेत तो शिकला होता, की एकाच नियमानं दोन ठिकाणी दोन उत्तरं आली तर एक तर नियम चुकतो किंवा मोजणारा. नियमाची तर त्यानं पानंच्या पानं तारीफ केली होती.

"आरं लिही की," आत्या म्हणाली. "का इसरलास?"

बन्सीधर नवरीकडे वळला. "तुला कोणतं नाव पाहिजे?"

माजघरात एकदम हशा उठला. "आगं बया! नवरीला इचारायलाय!"

"नवरीला इचारून नाव ठेवतेत का रे कुठं?" आत्या कडाडली. "म्हणं बीएस्सी!"

नवरीनं मान वर केली नाही. पण आवाज स्वच्छ होता. "आई हाक मारती तेच."

बन्सीधरला आपला नियम पाठ होता. तो इतक्या थोडक्यात मांडता येतो हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं तळहातानं तांदूळ सारखे केले. 'कु' गेला, अर्धा 'मु' गेला.

"तांदूळ मोडलं!" आत्या म्हणाली. "रीत हाय ती. माझं न्हाई का बदललं पोखर्णीला? मेले का मी?"

"काय ठेवलं होतं तुमचं, आत्याबाई?" नवरीनंच विचारलं.

आत्या म्हणाली, "सुभद्रा. लय दिवस कुणी हाक मारली की मी मागं वळून बघायची, कुणाला बोलवायलेत म्हणून." मग पदर सावरत म्हणाली, "पण सांगून ठेवते, दगडा माझ्या तोंडात बसायचं न्हाई. मी हिला पिंगळकरीणच म्हणणार."

"म्हणा की," नवरी म्हणाली. "पिंगळीचीच हाय मी."

बन्सीधरनं तांदळात 'दगडा' लिहिलं. केवळाबाईनं डोळ्याला पदर लावला आणि दुसऱ्या दिवशी निघताना सटवाजीला आधी पुढं पिटाळलं, नर्मदाबाईला सांगायला.

पंधरा दिवसांनी रायभान हस्तलिखित न्यायला आला. बन्सीधर अजून पंचवीस नावांवरच होता. नियमात त्यानं दुरुस्ती केली होती: माणसाला जमलं तर विचारावं.

"मग इचारलं का त्या गियोमला?"

"तीच अडचण हाय."

"आन लेका इकडं ते बाड!" रायभाननं हस्तलिखित ओढून घेतलं.

पुस्तक वाचनालयात आलं तेव्हा पंचवीसपैकी एकवीस नावं फ्रेंच होती, तीन इंग्रजी, आणि एकापुढं कंसात 'नक्की नाही' असं लिहिलेलं होतं. वालूरच्या घरात माणसं पाच होती. त्यांत दगडा म्हणणारे दोन, पिंगळकरीण म्हणणारी एक, दगडा स्वतः एक, आणि वडीलधाऱ्यांपुढं बायकोचं नाव घ्यायच्या लाजेनं 'ऐकलं का' म्हणणारा एक.