पुसू नये

मी शाळेच्या पडवीत टांगलेला एक जुना फळा आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच एक गोष्ट कबूल करतो. माझ्या तोंडावर काय लिहिले आहे ते मला वाचता येत नाही. तुम्हाला तरी तुमचे कपाळ दिसते का? त्यामुळे माझ्या सांगण्यात कुठे गोंधळ झाला तर समजून घ्या. गेले चार महिने मी गोंधळलेलाच होतो.

फळा होण्याआधी मी होडी होतो. म्हणजे होडीच्या बाजूच्या चार फळ्या होतो. ती होडी सत्यवानच्या वडिलांची. तिचा तळ कुजला तेव्हा सत्यवानने चांगल्या राहिलेल्या फळ्या सोडवल्या, त्यांना रंधा मारला, मागून दोन पट्ट्या ठोकल्या आणि वर काळा रंग दिला. सत्यवान होड्या दुरुस्त करतो. फळा त्याने आयुष्यात एकच केला, तो मी. त्याचे तेव्हा नुकतेच लग्न झाले होते आणि त्याची बायको सुभद्रा आमच्या वाडीच्या प्राथमिक शाळेत शिकवत होती. "शाळेत खबर लिवक फळो नाय," असे ती जेवताना एकदा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणावे लागले नाही. पुढच्या रविवारी मी पडवीत होतो. अजूनही पावसाळ्यात माझ्या अंगाला मिठाचा वास येतो.

वर्गातल्या फळ्यावर धडे लिहितात. माझ्यावर शाळेची खबर लिहीत. ते काम सुभद्राबाईंचे. शाळा सुटायला थोडा वेळ असला की त्या बाहेर येत. आपला निळ्या काठाचा चहाचा कप खालच्या कट्ट्यावर ठेवत आणि लिहायला लागत. लिहिताना प्रत्येक शब्द तोंडाने म्हणत. म्हणून मला सगळे कळे.

"बालवाडीच्या ताईंना मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत." "गुरुजींच्या हाताला प्लास्टर आहे. कोणी हात ओढू नये." "तिसरीने लावलेल्या काकड्या तयार आहेत. विचारून खाव्यात."

अशी आमची खबर. तेवीस मुलांची शाळा, दोन शिक्षक. पण वाडीतले लोक येता-जाता पडवीत वाकून बघत. मासे विकणारी तुळसाकाकी तर रोज मधल्या सुट्टीत गेटाशी पाटी उतरवायची आणि विचारायची, "आज काय खबर आसा गो?" तिला वाचता येत नाही. मग कोणीतरी मूल मोठ्याने वाचून दाखवायचे. पुष्कळदा ती तिची नात रियाच असायची. मला काकी जवळची वाटे. आम्हा दोघांकडे खबर दुसऱ्याच्या तोंडून यायची.

बाईंचे दोन नियम होते. जे ठेवायचे असेल त्याच्या कोपऱ्यात त्या 'पुसू नये' असे लिहीत आणि खाली रेघ ओढत. मग त्याला कोणी हात लावत नसे. दुसरा नियम असा, की काम झाले की लगेच पुसायचे. शिळी खबर फळ्यावर ठेवायची नाही.

दोन वर्षांपूर्वी यतीन गुरुजींची नांदगावला बदली झाली. निरोपाचा नारळ हातात घेऊन ते पडवीत उभे राहिले आणि म्हणाले, "बरं मुलांनो, येतो." आणि गेले. मी दुसऱ्या दिवशी वाट पाहिली. तिसऱ्या दिवशीही पाहिली. रिया तेव्हा पहिलीत होती. तिचेही माझ्यासारखेच झाले असावे.

"बाई, गुरुजी येतो म्हणाले. मगे कधी येतले?"

"अगो, जाताना 'जातंय' म्हणू नये. 'येतंय' म्हणायचा. तो जाण्याचोच शब्द."

"आणि खराच परत येवचा आसला तर काय म्हणायचा?"

बाई हसल्या. "ताच. येतंय."

रिया वर्गात गेली. एकच शब्द जाण्याचा आणि तोच येण्याचा, मग समोरच्याने ओळखायचे कसे? हे मला तेव्हा समजले नाही. आज समजले आहे असेही म्हणता येणार नाही.

आता त्या शुक्रवारचे सांगतो. ऑगस्ट संपत आला होता. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. त्यांनी लिहायला सुरुवात केली, पण तोंडाने काही म्हणाल्या नाहीत. असे पूर्वी कधी झाले नव्हते. मध्ये तीनदा थांबल्या आणि माझ्यावर तळहात टेकून उभ्या राहिल्या. शेवटी कोपऱ्यात काहीतरी लिहून खाली रेघ ओढली. ती रेघ मात्र मी ओळखली. मग खडूचा तुकडा कट्ट्यावर ठेवून त्या आपल्या सहकाऱ्यांना, म्हणजे दीपेश सरांना म्हणाल्या, "येते हां."

"हो बाई. सोमवारी भेटू," सर म्हणाले.

सोमवारी बाई आल्या नाहीत. लोक आले. वाडीतले, शेजारच्या वाडीतले, शाळा सोडून वीस वर्षे झालेले. सगळे पडवीत येत, माझ्याकडे बघत, ओठ हलवत आणि डोळे पुसत. मी घाबरलो. माझ्यावर असे काय लिहिले आहे, की वाचणारा रडतो? माझ्यामुळेच काहीतरी झाले, असे मला वाटू लागले.

कानावर तुटक तुटक शब्द पडत होते. शनिवारी रात्री गोव्याच्या इस्पितळात नेले. पोचल्या, पण उशीर झाला होता. बाई गेल्या. हा शेवटचा शब्द मी पुष्कळ वेळा ऐकला आणि तोच मला समजला नाही. बाई कधीच 'जाते' म्हणत नसत. त्या शुक्रवारीही 'येते' म्हणाल्या होत्या. मग त्या गेल्या कशा?

त्यानंतर रोज शाळा सुटायच्या वेळी सत्यवान येऊ लागला. यायचा, माझ्यासमोर उभा राहायचा आणि जायचा. सप्टेंबरात झडीचे पाणी पडवीत येऊ लागले तेव्हा त्याने बाहेरच्या बाजूला ताडपत्री बांधली, होडीवर बांधतात तशी घट्ट. मला कोणी कधी पावसापासून जपले नव्हते. मला बरे वाटायला हवे होते. पण ताडपत्रीमुळे रस्ता दिसेना आणि रस्त्याला मी दिसेना.

माझ्यापाशी कोणी मोठ्याने वाचेनासेही झाले. मुले जवळून जाताना हळू चालत. तुळसाकाकी गेटाबाहेरूनच "बांगडे" अशी हाक देऊन पुढे निघून जायची. शाळेची खबर आता मोबाईलवर जाते, असे मी ऐकले. तिथे ती कोण म्हणून दाखवते, मला ठाऊक नाही.

नवरात्राच्या आधी एक नवीन बाई रुजू झाल्या. वालावलहून स्कूटीवर येत. कोणी नवीन रुजू झाले की त्यांचे नाव माझ्यावर लिहायचे, ही शाळेची रीत. मी वाट पाहत होतो. एका दुपारी त्या डस्टर घेऊन आल्याही. तोच आतून मुले ओरडली, "बाई, पुसू नये!" त्यांनी डस्टर पाठीमागे लपवले. "चुकलं माझं," असे हळूच म्हणाल्या आणि आत गेल्या. मुलांना की मला, कळले नाही. त्यांचे नाव कुठे आलेच नाही. मुले त्यांना 'नवीन बाई' म्हणत, पालकही 'नवीन बाई' म्हणत. दोन महिने त्या नवीनच राहिल्या.

मग डिसेंबरात रियाची एक खबर चुकली. केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या धावण्याच्या शर्यती होत्या. रिया आमच्या शाळेत सगळ्यांत जोरात धावते. चौथीच्या मुलांनाही ती मागे टाकते. टेम्पो सकाळी सात वाजता शाळेपासून सुटणार होता. रिया आली दहा वाजता, नेहमीसारखी, दप्तर घेऊन. पडवीत कोणी नव्हते. ती माझ्याखालच्या कट्ट्यावर बसून राहिली. तिचा पाय हलत होता, तेवढेच.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना तुळसाकाकी पाटीसकट पडवीत चढली. सत्यवान माझ्यासमोर उभा होताच.

"सर, माझ्या नातीक कित्याक नेलास नाय?"

"तुळसाकाकी, आदल्या दिवशी मोबाईलवर टाकलं होतं मी," दीपेश सर म्हणाले.

"मोबाईल खंय आसा माझ्याकडे? पाटयेत बांगडे आसत, त्यातलो एक कानाक लावू?"

मुले हसली. सर हसले नाहीत.

"फळ्यार लिवला असता तर पोरीनच वाचल्यान असता. इतक्या वर्सात माझी एक खबर चुकाक नाय. फळ्याक काय झाला?"

सरांनी सत्यवानकडे पाहिले आणि नजर खाली वळवली. नवीन बाई दारात उभ्या होत्या. तेव्हा तुळसाकाकीने पाटी खाली ठेवली. "तू रोज ह्या काय वाचतस रे सत्यवाना?"

"वाचणय नाय. तिचा अक्षर बघतंय."

काकीचा आवाज उतरला. ती रियाला म्हणाली, "वाच गो. ह्यार काय लिवला हा ता माका सांग."

रिया माझ्यासमोर आली. मित्रांनो, चार महिने मी ज्या शब्दांना घाबरत होतो ते आता मला ऐकू येणार होते. रियाने बोट न लावता वाचले.

"सोमवारी दुपारी चार वाजता पालकसभा. चहा शाळेत मिळेल. कप घरून आणावा. पुसू नये."

"आणि?" काकी म्हणाली.

"इतक्याच."

"माका वाटला कायतरी मोठा आसतला," तुळसाकाकी म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. मलाही तसेच वाटले होते. यात रडण्यासारखा एकही शब्द नव्हता. कप घरून आणावा, एवढेच होते.

सत्यवान रियाकडे बघत राहिला. आपण जपलेल्या दोन ओळींमुळे ही पोर कट्ट्यावर बसून राहिली, हे त्याला आत्ता दिसत असावे. मग तो म्हणाला, "सर, ही सभा घेवया. तिना लिवल्यान तशीच."

"घेऊ. पण विषय काय होता, ते बाईंनाच ठाऊक."

"विषय चाय. कामाबिगर कोण शाळेक येणा नाय, म्हणा होती. नुसता बसवूचा होता तिका लोकांका."

सोमवारी चार वाजता पडवी भरली. आधी सत्यवानने ताडपत्री सोडली आणि मला तीन महिन्यांनी रस्ता दिसला. प्रत्येकाने घरून कप आणला होता. तुळसाकाकीने स्टीलचा पेला आणला. "कप होते, नातवंडांनी फोडले. पेल्याक चालता काय ते विचारा फळ्याक," ती म्हणाली. नवीन बाई हात मागे घेऊन बाजूला उभ्या होत्या. त्या लांबून येतात, कप आणायचे त्यांच्या लक्षात राहिले नव्हते. सत्यवानने पिशवीतून दोन कप काढले. एक स्वतःला ठेवला. निळ्या काठाचा त्यांच्यापुढे धरला.

"तुमका नसतलो, म्हणून हाडलंय."

त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"तुमचा नाव काय ओ बाई?" तुळसाकाकीने विचारले.

"अक्षया."

"दोन म्हयने झाले. आज कळला."

चहा संपला. सत्यवानने ओले फडके पिळले आणि माझ्यासमोर आला. दीपेश सर हळूच म्हणाले, "कोपऱ्यातलं तेवढं राहू द्या हवं तर."

"नको. काम झाला की पुसूचा. ह्या तिचाच सांगणा."

त्याने वरून सुरुवात केली. घाई केली नाही. 'पुसू नये' सगळ्यांत शेवटी पुसले. मग फडके खिशात घातले. ते फडके शाळेचे होते, पण कोणी मागितले नाही.

अक्षयाबाईंनी खडू घेतला आणि गुपचूप लिहू लागल्या. रिया म्हणाली, "बाई, म्हणान लिवा. सुभद्राबाई म्हणत."

बाईंनी सगळ्यांकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणत लिहिले, "अक्षया बाई शाळेत रुजू झाल्या आहेत." स्वतःचीच खबर लिहिताना त्यांना हसू आले. मग खाली लिहिले, "शनिवारी समुद्रावर धावण्याची शर्यत. सगळ्यांनी यावे."

लोक पांगले. सत्यवान शेवटी उठला. आपला कप पिशवीत घातला. निळ्या काठाचा कप त्याने कट्ट्यावर तसाच राहू दिला. पायरीवर थांबून तो म्हणाला, "येतंय हां."

मी पुन्हा गोंधळलो. आता इथे त्याचे बघण्यासारखे काही उरले नव्हते. मग हे 'येतंय' कुठले?

मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझ्यासारखा एखादा फळा असेल. त्याला ओल्या फडक्याने पुसा, नखाने खरवडू नका. त्यावर आपल्या माणसांची नावे लिहा, कोण आले, कोण गेले ते लिहा. लिहिताना तोंडाने म्हणा, कारण वाचता न येणारे कोणीतरी जवळ उभे असते. आणि कोणाचे अक्षर आवडले तर ते आहे तोवर बघून घ्या. पण त्याने सांगितलेले काम अडवून ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली. मुले गेली. मी रस्त्याकडे बघत होतो. पाचच्या सुमारास सत्यवान आला. माझ्यासमोर उभा राहिला आणि नव्या अक्षरातली शर्यतीची खबर त्याने सावकाश, तोंडाने म्हणत वाचली.