सातच्या ठोक्याला विझणारा राऊटर

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वरच्या मजल्यावरच्या काकू सोफ्याच्या हातावर टेकल्या होत्या, शिंपीकाका भिंतीला पाठ लावून बसले होते आणि सगळ्यांच्या नजरा टीव्हीशेजारच्या सहा अँटेनांच्या राऊटरवर खिळल्या होत्या. त्याच्यासमोर लहरीबाबा डोळे मिटून बसले होते. अधूनमधून एक डोळा किलकिला करून ते मनगटावरचं घड्याळ तेवढं बघत.

"रक्तातल्या लहरींनो, वर या! मेंदूतल्या किरणांनो, मागे फिरा!" बाबा गरजले. "डोकेदुखी, चक्कर, रक्तदाब, सगळ्याचं मूळ या डब्यात! बघा, मी याचा श्वास रोखतो!"

त्यांनी टाळी वाजवली आणि राऊटरचे निळे दिवे विझले. दोन मिनिटांनी दुसरी टाळी, दिवे परत. लहरी म्हणे धुऊन आल्या! शिंपीकाकांची मान तिथल्या तिथे मोकळी झाली. ही तिसरी बैठक होती.

घराचे मालक स्वयंपाकघराच्या दारात घामाघूम उभे होते. इमारतीत त्यांना सगळे सेटिंगराव म्हणत. बाकीचे लोक राऊटर आणतात, वायर खुपसतात आणि विसरून जातात. यांनी अँटेना कोनमापक लावून वळवल्या होत्या, शेजाऱ्यांच्या वायफायशी टक्कर नको म्हणून मोकळं चॅनल हुडकलं होतं. शिवाय रोज संध्याकाळी सातला राऊटर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होईल अशी वेळ लावली होती. तेव्हा बायको आणि थोरली बहीण ताई फिरायला जात, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच नव्हता.

पत्ता होता फक्त बाबांना. काकू त्यांना पहिल्यांदा 'लहरी मोजायला' घेऊन आल्या, तेव्हा बाबा गोड आवाजात म्हणाले होते, "एवढं अवघड यंत्र तुम्ही एकटे सांभाळता?" झालं! सेटिंगराव हरभऱ्याच्या झाडावर चढले आणि फोन उघडून सगळं दाखवून मोकळे झाले. सातची वेळसुद्धा.

पहिल्याच बैठकीत त्यांना बाबांची युक्ती कळली होती. पण बोलायचं तर आधी स्वतःची बढाई चारचौघांत कबूल करावी लागणार. शिवाय लोक "काय भाग्यवान घर!" म्हणत होते, तेही कानाला बरं वाटत होतं. म्हणून पुढच्या बैठकीलाही त्यांनीच सतरंजी अंथरली.

तिसऱ्या बैठकीनंतर दोन दिवसांनी फिरणं सोडून प्रत्येक बैठकीला बसणारी ताई बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. कपाळाला चार टाके पडले.

"रक्तदाबाच्या गोळ्या घेताय ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पंधरा दिवस झाले, सोडल्या," ताई म्हणाली. "बाबा लहरी काढतात ना!"

शेजारी उभ्या सेटिंगरावांनी ते ऐकलं.

चौथ्या बैठकीआधी त्यांनी सातची वेळ काढून टाकली. बाबांनी टाळी वाजवली. दिवे ढिम्म. आणखी जोरात वाजवली. तरी ढिम्मच.

"इथे कुणाच्या तरी मनात शंका आहे!" बाबा ओरडले.

"आहे. माझ्या," सेटिंगराव म्हणाले. त्यांनी आपला फोन ताईच्या हातात दिला. "ताई, या बंद-चालूच्या बटणावर बोट टेकव."

ताईनं बोट टेकवलं आणि दिवे विझले.

"हा रोज सातला आपोआप बंद व्हायचा. ती वेळ मीच यांना सांगितली होती. आज मी ती काढून टाकली."

"मग माझी मान?" शिंपीकाका म्हणाले.

"काका, दिवसभर तुम्ही मशीनवर वाकलेले असता. इथे तासभर भिंतीला टेकून बसता. मान मोकळी होणारच."

बाबांनी पिशवी उचलली आणि चपला हातात घेऊनच जिना गाठला. हसायला मात्र कुणी धजेना, कारण ताई भावाकडे बघत होती.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि मी गोळ्या सोडल्या ते?"

"ते माहीत नव्हतं. पण मी विचारलंही नाही." मग ते सगळ्यांकडे वळले. "नवल दिसलं की हात जोडण्याआधी विचारा, हे झालं कसं? आणि उत्तर ठाऊक असेल तर माझ्यासारखं लाजेपोटी गिळू नका. त्यात दुसऱ्याचं डोकं फुटतं."

राऊटरचे दिवे पुन्हा लागले. तिकडे कुणी पाहिलं नाही. ताईनं कपाळावरची पट्टी चाचपली.

"पाणी आण, आणि गोळ्यांचा डबाही," ती म्हणाली. "आजपासून रोज तू स्वतः आणून द्यायचास. सातला. आता ती वेळ रिकामीच आहे."