कोरडे पाय

उद्यमनगरात माझं वर्कशॉप आहे आणि माझं तोंड त्या वर्कशॉपपेक्षा मोठं आहे, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. ऑइल इंजिन, पंप, उसाचे चरक, कारखान्याचे गिअर, तीस वर्षांत या कृष्णात मिस्त्रीनं 'जमणार नाही' म्हणून परत पाठवलेलं काम दाखवा आणि माझी मिशी उतरवा. पण बोट म्हणाल, तर अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्यापर्यंत मी ती रंकाळ्यातच पाहिली होती, तीही पायांनी पायडल मारायची.

दसऱ्यानंतर अमरेशशेठ आले. त्यांची फाउंड्री आहे, माझं निम्मं ओतकाम तिथूनच येतं. म्हणाले, "मिस्त्री, एक लाँच घेतलीया. जुन्या जहागिरीची. बघायला चला."

जहागिरीच्या तलावाकाठी पत्र्याच्या शेडमध्ये ती चाळीस वर्षं पडून होती. नाव 'विजयमाला'. छत्तीस फूट लांब, अंग सगळं सागवानी, मधोमध काचेच्या खिडक्यांची बैठकीची खोली आणि चाकाशेजारी पितळी घंटा. आत कोंबड्यांनी संसार मांडलेला. फळ्या वाळून आकसलेल्या, दोन फळ्यांच्या फटीतून पलीकडचा बैल दिसत होता. शेठ म्हणाले, मुंबईचा एक बोटवाला बघून गेला आणि म्हणाला, सरपण करा. शिवाय असंही म्हणाला, की कोल्हापूरच्या पंपवाल्यांचं हे काम नव्हे.

बस्स. तिथंच माझं टाळकं सरकलं. मी म्हणालो, "शेठ, गुढीपाडव्याला पाण्यात सोडतो. नाय सोडली तर नाव बदलीन."

शेडच्या दारात खुर्चीवर शेठच्या आई बसल्या होत्या, शांतादेवी. पंचाहत्तरीला टेकलेल्या, अंगावर इरकली लुगडं, कपाळावर विभूती. सगळे त्यांना अव्वा म्हणायचे. त्यांचे वडील वीरभद्र या लाँचचे ड्रायव्हर होते, हे मला तिथं कळलं.

"आमचा अप्पा चाकावर बसला की राजावानी दिसायचा बग," अव्वा म्हणाल्या. "पर उन्हाळ्यात पाणी खाली जायचं. लाँच पायरीला लागायची न्हाय. मग अप्पा कंबरभर पाण्यात हुभा ऱ्हायचा, खांद्यावर फळी घिऊन. पावणं तिच्यावरनं जायाचं, बूट कोरडं. अन् अप्पा दिसभर वल्ल्या कापडात चाकाशी हुभा. आमी पोरं काठावर. आमाला चढाय मनाई हुती."

मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मिस्त्री, एकदा मला नेशील का ग त्या पाव्हण्यांसारकी? कोरड्या पायानं?"

कानडी मुलखातल्या म्हाताऱ्या मला 'ग' म्हणाल्या तरी मी रागावत नाही. मी म्हणालो, "अव्वा, तुमचा तळपाय भिजला तर वर्कशॉपला कुलूप घालीन."

शब्द देऊन बसलो. आता काम.

लाकडाच्या कामाला मी गडमुडशिंगीचा जोतीराम सुतार आणला. सत्तरीचा माणूस, जन्मभर बैलगाड्यांची चाकं केलेली. गाड्यांना रबरी टायर आले आणि याचं काम संपलं. घरात बसून पाट आणि पोळपाट करत होता. कुजलेल्या फळ्या काढून त्यानं नव्या अशा बसवल्या, की जुनी कुठली आणि नवी कुठली हे मला बोटानं चाचपूनही कळेना.

बाकीचं राज्य माझं. खरं सांगतो, इतकं देखणं काम मी कधी केलेलं नाही. जुनं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं आणि आवाज इतका दाबला, की बैठकीत बसल्यावर घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. एसी घातला, पण दिसतो कुठं? सागवानी जाळीच्या मागं. पंख्याचं जुनं पितळी बटण फिरवलं की थंडगार हवा सुरू. दारूच्या जुन्या कपाटात फ्रिज. संडासात गरम पाणी. दिव्यांच्या काचा मूळच्याच, आत तारा माझ्या. आणि गाद्या! साय असते ना दुधाची, तसल्या रंगाचं कापड आणून शिवून घेतल्या. त्या गाद्यांवर मी कुणाला बसू दिलं नाही. शेठ एकदा फाउंड्रीतून तसेच आले आणि टेकायला लागले, तर मी ओरडलो, "अंऽहं! उठा! ह्या गाद्या अव्वांच्या हायती." शेठ हसत उठले. गिऱ्हाइकाला उठवणारा मिस्त्री उद्यमनगरात मीच.

वाद झाला तो फटींवरून.

फटी बुजवायला मी मुंबईहून दोन डब्यांची लांबी, म्हणजे पुट्टी, मागवली होती. दोन्ही कालवायचे, फटीत भरायचे, वाळलं की दगड. जोतीरामतात्यांनी त्यात नख रोवून पाहिलं. नख मोडलं.

"मिस्त्री, ह्ये नगं," ते म्हणाले. "लाकूड पाणी पिणार. पिलं की फुगणार. त्याला फुगाय जागा ठेव. फटीत कापूस भरू, वरनं मऊ लांबी. पैल्यांदा पाणी आत यील. यिऊ दे. चार दिसात लाकूडच फट मिटवतंय."

"पाणी आत येणारी बोट करून देऊ? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"उन्हाळ्यात चाक खिळखिळं झालं की काय करत्यात? वड्याच्या पाण्यात टाकत्यात. चाकाचं आरं फुगलं की सगळं घट."

"तात्या, ही बैलगाडी न्हाय," मी म्हणालो. "लाँच हाय, लाँच. तुमी रंधा मारा."

तात्या रंधा मारत राहिले. आज ते आठवलं की माझं मलाच थोबाडावं वाटतं.

पाडव्याच्या पाच दिवस आधी लाँच पाण्यात सोडली. काय तरंगली महाराज! आत एक थेंब नाही. मी काठावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारमारून दाखवली. दुसरा दिवसही कोरडा. तिसऱ्या दिवशी दुपारी आतून बंदूक उडाल्यासारखा आवाज आला. मग दुसरा. फळ्या फुगल्या होत्या आणि मधल्या दगडानं त्यांना जागा दिली नव्हती. स्क्रू उपटले, दोन फळ्या सांगाड्याच्या फासळ्यांपासून सुटून बाहेर आल्या आणि पाणी भसाभस आत शिरलं. पंप लावून, दोर बांधून, वीस माणसांनी ओढून ती कशीबशी काठावर घेतली. गाद्या तेवढ्या मी डोक्यावर घेऊन पळालो.

पाडवा गेला. अव्वांनी नवं लुगडं काढून ठेवलं होतं, ते परत पेटीत गेलं, असं शेठ म्हणाले. रागानं नाही म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

मी तडक गडमुडशिंगीला गेलो. तात्या अंगणात पोळपाट घासत होते.

"तात्या, चुकलं माझं," मी म्हणालो. हे दोन शब्द मी बायकोलाही कधी म्हटलेले नाहीत. "आता तुमी सांगशीला तसं."

तात्यांनी पोळपाट खाली ठेवला. "पटाशी घे बरूबर. लई खरवडायचं हाय."

बारा दिवस आम्ही माझा तो दगड फटीफटीतून खरवडत होतो. मग सुटलेल्या फळ्या बसवल्या, तेलात भिजवलेला कापूस ठोकला, मऊ लांबी भरली. इंजिन आणि एसी बाहेर काढून तात्यांनी लाँच काठालगत पाण्यात ढकलायला लावली आणि तिला पाणी पिऊ दिलं. चार दिवस ती कंबरभर पाणी पोटात घेऊन गाळात बसली होती. गावातली माणसं बघायला यायची. एक पैलवान म्हणाला, "मिस्त्री, पाण्यावरनं चालणारी म्हणलता की! ही पाण्याखालनं चालणार व्हय?" मी ओठ मिटून उभा राहिलो. माझ्यासारख्याला ही शिक्षा फाशीपेक्षा वाईट.

पाचव्या दिवशी माझ्याच पंपानं पाणी उपसलं. फडक्यानं तळ पुसला. तात्यांनी चुलीतली कोरडी राख मागवली आणि तळाला पातळ भुरभुरली. "कुठं वल आली तर राख सांगंल," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं वाकून बघत फिरलो. राख जशीच्या तशी होती. मी फुंकर मारली, ती उडाली. तात्यांनी तळहातानं फळीवर दोनदा थोपटलं, बैलाच्या पाठीवर थोपटतात तसं, आणि पहिल्यांदा हसले. इतका अभिमान मला स्वतःच्या कामाचाही कधी वाटला नव्हता.

इंजिन बसवलं, गाद्या घातल्या. बसवजयंतीचा दिवस ठरला. सकाळी मी पांढरी पँट कडक इस्त्री करून गेलो आणि तलावाकडं बघून मटकन बसलो.

माझ्या चुकीनं महिना गेला होता. त्या महिन्यात उसाला पाणी सोडून तलाव उतरला होता. घाटाची शेवटची पायरी इथं आणि पाणी तिथं, पन्नास पावलं लांब. लाँच त्याहून पुढं, कंबरभर पाण्यात. काठाकडं आणली की बुडाला गाळ लागे.

अव्वा तेच पाडव्याचं लुगडं नेसून आल्या होत्या. शेठ म्हणाले, "अव्वा, खुर्चीत बस, चौघंजण उचलतील."

"मी काय आजारी हाय?" अव्वा म्हणाल्या. "चालत जाणार."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. शब्द मी दिला होता.

मी चपला काढल्या. तात्यांनी शेडमधून सागाची लांब फळी आणली, एक टोक पाण्याच्या कडेच्या दगडावर ठेवून त्यावर स्वतः दाबून बसले. दुसरं टोक घेऊन मी इस्त्रीच्या पँटीसकट पाण्यात शिरलो, विजयमालेला पाठ टेकली आणि फळी खांद्यावर घेतली. पायाखाली गाळ सरकत होता. डोकं वाकवून उभा राहिलो.

आधी शेठ फळीवरून पलीकडं गेले, मग सुकलेल्या गाळावरून चालत आलेल्या अव्वा चढल्या. एकेक पाऊल टाकत आल्या. वजन खांद्यात उतरलं, सागाची धार मानेजवळ रुतली. माझ्या डोक्याशी येऊन त्या थांबल्या, वाकल्या. त्यांचा हात माझ्या केसांवर टेकला, तोल सावरायला असेल.

"अप्पाच्या खांद्याला हितं घट्टा हुता," त्या हळूच म्हणाल्या आणि शेठचा हात धरून लाँचवर गेल्या. पाय कोरडे.

मागून तात्या पाण्यातून आले, आम्ही दोघं वर चढलो. इंजिन एका झटक्यात लागलं. घंटा वाजवली, तलाव ओलांडू लागलो. अव्वा आत सायीच्या गादीवर बसल्या होत्या, शेजारी शेठ, दाराशी जोतीरामतात्या. मी चाकाशी उभा, पँटीतून पाणी निथळत होतं. छातीत मात्र अभिमान मावत नव्हता.

पलीकडच्या काठाजवळ पोचल्यावर मी इंजिन हळू केलं. तेव्हा आतून अव्वांची हाक आली.

"मिस्त्री, आत ये. बस हितं."

"नको अव्वा, वल्ला हाय मी. गादी भिजंल."

"भिजू दे," अव्वा म्हणाल्या. "अप्पाला कुणी कदी बस म्हणलं न्हाय."

मी नांगर टाकला, आत गेलो आणि ज्या गादीवरून मी शेठला उठवलं होतं, तिच्यावर गाळानं भरलेल्या ओल्या पँटीनं बसलो. अव्वांनी तात्यांनाही ओढून माझ्याशेजारी बसवलं. जाळीमागून थंड हवा येत होती आणि मी कुडकुडत होतो.

दरवर्षी बसवजयंतीच्या आधी मी विजयमालेची सर्व्हिसिंग करतो. गादीवर माझ्या बुडाचा मातकट डाग अजून आहे. शेठनी दोनदा कापड बदलायला काढलं. दोन्ही वेळा मी भांडलो.