पुलावरचा झेंडा

चुलीवरच्या भिंतीला टांगलेलं चित्र दिसलं आणि बास्तियाँ टोपी काढायची विसरून दारातच थबकला. इटलीतला तो पूल, तोफांचा धूर, आणि सगळ्यांच्या पुढे झेंडा उंचावून धावणारा सेनापती.

"फेरीवाल्याकडून घेतलं," ओदिलआई म्हणाली. "बस पोरा. माझ्या रेमीबरोबर लढलास ना तू?"

बास्तियाँ लंगडत बाकावर टेकला. त्या दिवशी झेंडा तिच्या पोराच्या, रेमीच्या हातात होता, एवढंच सांगायला तो बर्फातून इथवर आला होता. सेनापती तेव्हा बांधाखाली, कमरेइतक्या चिखलात रुतला होता. रेमी पुलावर पोचला आणि कोसळला. पुढे सेनापतीने स्वतःच काढलेल्या वर्तमानपत्रात झेंडा सेनापतीच्या हाती गेला, पॅरिसमध्ये त्याची चित्रं निघाली, आणि आता तोच देशाचा कारभारी झाला होता. उद्या गावोगाव लोक त्याला कौल देणार होते.

बास्तियाँने आपल्या गावच्या गुत्त्यात हे एकदा सांगितलं होतं. "पाय गेला, आता डोकंही गेलं," म्हणून लोक हसले. तेव्हापासून त्याच्या टेबलाशी कुणी बसत नसे.

"यात रेमी कुठला रे?"

तिने कागदावर बोट टेकवलं. बास्तियाँने तोंड उघडलं, आणि सेनापतीमागचा, धुरात अर्धा बुडालेला एक चेहरा दाखवला.

"हा."

तिने डोळे बारीक करून तो चेहरा जवळून पाहिला.

"हा नव्हे. रेमीची हनुवटी माझ्या बापावर गेली होती."

"आई, खरं सांगतो. तो झेंडा—"

"नको सांगू." तिने सूपचा वाडगा त्याच्यापुढे सरकवला. "पोरगा गेला तशी या घराची कडी कुणी वाजवेना. हे चित्र लावलं, आणि माणसं यायला लागली. रेमी कुठला विचारतात. मी कधी हा दाखवते, कधी तो. आता येतील, तेव्हा तू हाच दाखव. तुझं ऐकतील."

बाहेर बुटांवरचं बर्फ झटकल्याचा आवाज आला. शेजारी आत शिरले, लंगड्या सैनिकाला पाहून हरखले, आणि त्याच्या बाकाभोवती सरकून बसले. एकाने तर त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"सांग की गड्या, कसं झालं ते!"

बास्तियाँने ओदिलआईकडे पाहिलं. ती खाली मान घालून पाव कापत होती.

"सेनापती," तो म्हणाला, "सगळ्यांच्या पुढे होता."