जत्रेतलं जावयाचं ताट

हरून आलेल्या गड्यानं निदान भूक मेल्याचं सोंग तरी करावं. गेनूला तेवढंही जमलं नाही. आदल्या दिवशी आंबवड्याच्या जत्रेत साऱ्या विंझर गावाची मान खाली घालून आलेला हा पोरगा सकाळी चुलीपुढं मांडी घालून बसला आणि तिसरी भाकरी मागू लागला. सगुणाबाईनं, त्याच्या आईनं, ती ताटात वाढली नाही, टाकली.

दारातून मारुतीचं देऊळ दिसायचं. देवळापुढची काठी आज बोडकी होती. तीन वर्षं तिच्यावर हुतुतूचं निशाण होतं. चैतापासून जत्राजत्रांतून खेळायचं आणि आंबवड्याचा शेवटचा सामना जिंकेल त्या गावानं ते वर्षभर मिरवायचं. दुसऱ्या बाया अंगावरच्या डागिन्याकडं बघतात तशी सगुणाबाई येता-जाता त्या निशाणाकडं बघायची. आता ते कामथडीला गेलं. कामथडी म्हणजे गेनूची सासुरवाडी.

आणि हंगाम काय गेला होता! वेल्ह्याच्या पोरांना तर असं मातीत लोळवलं की त्यांच्या आयांना ती ओळखू येईनात. सामन्याच्या दिवशी गड्यांनी नुसती आंबील प्यायची, हा दंडक सगुणाबाईचा. भरल्या पोटात दम मावायचा कुठं? सारे ऐकत. गेनूही ऐकत होता, आंबवड्यापर्यंत.

तिथं सासऱ्याची बैलगाडी आंब्याखाली सुटली होती. रतनबाई विहिणीनं हाक मारली, "जावईबापू, दोन घास खाऊन जावा." गडी गेला. पुरणाची पोळी, वर तुपाची धार, वाटीत आमरस, आणि नको म्हणेल तसा आग्रह. बायकांच्या घोळक्यातून सगुणाबाईला लेक दिसला तो मिशीचं तूप पुसत मैदानात उतरताना.

शेवटी दोन्हीकडं एकेकच गडी उरला. गेनू 'हुतुतू' घुमवत घुसला, समोरच्याला शिवला, वळला, आणि रेघ हातभर राहिली असताना त्याला ढेकर आला. अख्ख्या जत्रेनं ऐकला. दम तुटला, गेनू बाद, आणि कामथडीकरांनी हलगी बडवली.

रतनबाईचा सगुणाबाईला राग नव्हता. बाई पाताळयंत्री, पण स्वतःच्या गावाला जागली. मैदानात पाय न ठेवता तिनं डाव मारला. आपल्या पोटी मात्र हे रत्न!

"आये, कालवण हाय का अजून?" गेनूनं विचारलं.

"हाय की. कामथडीला."

"आता सासूबाईंनी ताट म्होरं केलं, तर न्हाई कसं म्हनायचं? जावयानं ताटावरनं उठलं तर त्यांचा अपमान न्हाई का व्हत?"

"त्यांचा मान ऱ्हायला बग. निशानासकट घरी नेला त्यांनी."

चुलीमागं सून बनाबाईनं तोंडात पदर कोंबला. माहेर जिंकलेलं, त्यात हसू येतंय. सासूला ते दिसलं, पण तिनं तिकडं काणाडोळा केला. आज तिचं गिऱ्हाईक एकच होतं.

इतक्यात संघाचा म्होरक्या कोंडिबा ओट्यावर टेकला. गुडघे चोळत म्हणाला, "वहिनी, माजं आता वय झालं. पुढल्या हंगामाला म्होरक्या कोन करायचा? पोरं गेनूचं नाव घेत्यात. म्हनत्यात, सगुणाकाकू व्हय म्हनली की झालं."

गेनूचा घास हातातच राहिला. म्होरक्याच्या पागोट्यासाठी तो चार वर्षं झुरत होता. भाकरी खाली ठेवून त्यानं आईकडं पाहिलं. "आये, पुढल्या साली निशान आनतो परत. तुजी शपथ."

"आन आंबवड्याला सासूनं परत हाक मारली तर?"

गेनूची नजर ताटातल्या भाकरीवर गेली. "थोडंसं... तोंडदेखलं खाईन."

कोंडिबानं कपाळाला हात लावला. सगुणाबाई उठली, उरलेली भाकरी लेकाच्या ताटात सारली आणि ओट्यावरच्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"खा बाबा, पोटभर खा. जावई तू लाखात एक हाईस, गेनू. पर म्होरक्या दुसरा बगा म्हनावं. तू गडी न्हाईस."