मॉनिटरखाली दाबलेलं लिनक्सचं पुस्तक

मी एक जुनं पुस्तक आहे. लिनक्स शिकवणारं. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की आधी गोड गोड आठवणी काढतात आणि शेवटी डोळे पुसतात. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. मला राग आलाय. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तसा. मला तळपाय नाहीत हे मलाही माहीत आहे. मागचं कव्हर आहे, तिथून सुरू होतो आणि वर जातो.

लिनक्स म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो. संगणक चालू केला की त्याच्या आतला सगळा कारभार एक यंत्रणा सांभाळते. लिनक्स ही तसली एक यंत्रणा. ती फुकट मिळते, जुन्या संगणकावरही धावते. पण तिच्याकडून काम करून घ्यायचं तर कधी कधी काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप कराव्या लागतात. त्या आज्ञा माणसाला न घाबरवता शिकवायच्या, हे माझं काम.

मला लिहिलं एका बाईंनी. त्या तंत्रशाळेत शिकवायच्या. वर्गात कुणी अडखळलं की त्या ओरडत नसत. म्हणत, "थांब, हलू नकोस. किती छान चुकलास! परत एकदा चूक बघू." हे वाक्य माझ्या प्रस्तावनेतही आहे. आणि ती चूक त्या माझ्यात चौकट करून घालत. चौकटीवर लिहिलेलं असे, 'इथे हमखास चुकतं.' अशा चौकटी माझ्या पानोपानी आहेत. बाईंची थोरली बहीण कपडे शिवायची. संगणकाशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. प्रत्येक धडा बाई आधी तिला वाचायला देत. "हे काही मला कळलं नाही बघ," असं ती म्हणाली की पान रद्द. नव्याने लिहायचं. एकदा ती वैतागून म्हणाली, "अगं, तू पुस्तक लिहितेस की मला छळतेस?" बाई म्हणाल्या, "आत्ता तुला छळते, म्हणजे पुढे वाचणारा सुटेल." मित्रांनो, चांगलं पुस्तक असं होतं. एखाद्या शहाण्याने डोक्यातलं सगळं ओतून दिलं म्हणजे झालं पुस्तक, असं नसतं.

मग प्रकाशक आला. लिनक्सचं चिन्ह पेंग्विन. त्याला कव्हरवर गॉगल घातलेला पेंग्विन हवा होता आणि खाली 'एका आठवड्यात उस्ताद व्हा'. बाई म्हणाल्या, "आठवड्यात कुणी उस्ताद होत नाही. थापा छापायच्या असतील तर दुसऱ्या कुणाच्या छापा." प्रकाशकाने तोंड वाकडं केलं आणि मला मातकट रंगाचं कव्हर चढवलं. तिथेच माझं नशीब फुटलं.

दुकानात मी कोपऱ्यात पडलो. गिऱ्हाइकं यायची, हाताला येईल ते पुस्तक उचलायची आणि तळहातावर वजन बघायची. वजन! अहो, वांगी घेताय का? जो तो जाडजूड पुस्तकाला हात घालायचा. जास्त पानं म्हणजे जास्त ज्ञान, असा सगळ्यांचा हिशेब. कुणाला गॉगलवाला पेंग्विन आवडायचा, कुणाला सोनेरी अक्षरं. अनुक्रमणिका उघडून 'मला जे अडलंय ते यात आहे का' एवढं बघणारं माणूस मला दिसलं नाही. कधी छापलंय, हेसुद्धा कुणी बघत नसे. बघा ना! त्याने काय तुमचे हात झिजतात? माझा नुसता जळफळाट व्हायचा, पण कोपऱ्यातल्या पुस्तकाचा जळफळाट कोण ऐकतो.

शेवटी एका इस्पितळाने मला घेतलं. तिथे एकच संगणक लिनक्सवर चालायचा आणि तो सांभाळणारी एक मुलगी होती. ती माझ्यावरूनच शिकली. पानांचे कोपरे दुमडायची, ते मला मुळीच आवडत नसे, पण वाचायची तरी! "या पुस्तकाने मला वाचवलं," असं ती दहा जणांना सांगायची. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू. मग तिला मोठी नोकरी लागली आणि ती गेली. त्यानंतर एक दुरुस्तीवाला आला. नोंदणीच्या खिडकीतला मॉनिटर त्याला जरा खाली वाटला. त्याने इकडे तिकडे पाहिलं, मला उचललं आणि मॉनिटरखाली सरकवलं. म्हणाला, "हां, आता बरोबर बसलं." मी शिकवण्यासाठी जन्मलो आणि उंचीसाठी कामाला लागलो. वर त्या मॉनिटरची ऊब, अंगावर धूळ, आणि कुणीतरी सांडलेल्या चहाचा डाग. असा किती काळ गेला ते विचारू नका, डोकं फिरतं.

त्या खिडकीत काकू बसायच्या. सगळं इस्पितळ त्यांना काकूच म्हणायचं. आलेल्या पेशंटचं नाव लिहून घ्यायचं, जुना कागद शोधून द्यायचा, घाबरलेल्या माणसाला "बसा हो, येतील डॉक्टर," म्हणायचं, हे त्यांचं काम. माणसं आधी काकूंना शोधत, मग डॉक्टरांना. खिडकी हा त्यांचा जीव होता. एक दिवस मोठे डॉक्टर येऊन म्हणाले, "काकू, आपण सगळे संगणक लिनक्सवर नेतोय. रोजची पेशंटची यादी तुम्हालाच शोधून जपणुकीच्या फोल्डरमध्ये कॉपी करावी लागेल. महिनाअखेरीला मी स्वतः येऊन बघेन. नाही जमलं तर चादरींच्या कोठारात जागा आहे, तिकडे बघू." काकू हसून "बरं" म्हणाल्या. डॉक्टर गेल्यावर त्यांनी खिडकीची काच पुसायला घेतली आणि किती वेळ तोच कोपरा पुसत राहिल्या.

आता पुस्तक हवं होतं. मित्रांनो, ते पुस्तक त्यांच्या नाकासमोर होतं! वीतभर अंतरावर! मी आतून बोंबलत होतो, "अहो काकू, खाली बघा!" पण काकूंच्या घरात जावई होते. आणि जावई संगणकाच्या दुकानात विक्रीचं काम करायचे, त्यामुळे त्यांना सगळं कळायचं. ते स्वतः एक ठोकळा घेऊन खिडकीशी आले. कव्हरवर गॉगलवाला पेंग्विन. "आई, यापेक्षा मोठं पुस्तक बाजारातच नाही. सगळंच्या सगळं आहे यात."

"अहो जावईबापू, कशाला एवढा त्रास," काकू म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? जावयाने प्रेमाने आणलेली वस्तू परत कशी करायची? भाजीत मीठ जास्त झालंय असं जावई म्हणाले तरी काकू "हो ना" म्हणायच्या, आणि भाजी केलेली असायची जावयांनीच.

त्या ठोकळ्यात खरंच सगळं होतं हो. लिनक्सचा इतिहास होता, शंभर संगणक एकमेकांना कसे जोडायचे ते होतं, फक्त एक हरवलेली फाइल कशी शोधायची ते सरळ कुठे नव्हतं. आणि एक गोम होती. काळ्या पडद्यावर संगणक तयार असला की स्वतःच डॉलरचं चिन्ह दाखवतो. त्याच्यापुढे आपण आज्ञा टाईप करायची. ठोकळ्यात प्रत्येक आज्ञेच्या आधी ते चिन्ह छापलेलं होतं, पण ते आपण टाईप करायचं नसतं हे कुठेही सांगितलेलं नव्हतं. लिहिणाऱ्याला ते माहीत होतं ना, मग झालं! काकू बिचाऱ्या पुस्तकात आहे तसं, डॉलरसकट, एकेक अक्षर लावत. संगणक म्हणे, अशी आज्ञा सापडत नाही. काकू परत लावत. परत तेच. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता त्या हेच करत बसत. एकदा त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि हळूच म्हणाल्या, "माझंच डोकं गेलं आता. जाते मी चादरींच्या कोठारात."

माझा संताप संताप झाला. ते चिन्ह टाईप करू नका, हे माझ्या पहिल्याच धड्यात पहिल्या चौकटीत आहे! बाईंच्या बहिणीनेही हीच चूक केली होती. आणि मी ते सगळं पोटात घेऊन मॉनिटरचं ओझं वाहत होतो.

काकूंची लेक त्याच आठवड्यात आईला न्यायला आली. लेक म्हणजे तिखट. आईचा चेहरा बघून तिने काय झालं ते काढून घेतलं, ठोकळा चाळला आणि नवऱ्याच्या नावाने जे काही बोलली ते मी इथे सांगत नाही, तुम्ही लहान आहात. "आई, तुला नेमकं काय यायला हवं? एक गोष्ट सांग."

"कालची यादी कुठे गेली ते सापडायला हवं."

लेकीने ठोकळ्याच्या सूचीत शोधलं. मागे शोधलं, पुढे शोधलं. मग म्हणाली, "याची जागा सांगू का? मॉनिटरखाली." आणि खरोखर तिने मॉनिटर उचलला, मला बाहेर ओढलं आणि ठोकळा आत ढकलला! मला केराच्या टोपलीकडे नेता नेता तिने कव्हरवरची धूळ पुसली. नाव वाचलं. थांबली. तोच प्रश्न घेऊन माझी अनुक्रमणिका उघडली. 'फाइल कुठे ठेवली ते आठवत नाही?' असा माझा एक अख्खा धडा आहे. धड्याचं नावच तसं आहे.

"अगं आई, इकडे ये! आणि हे डॉलरचं चिन्ह तू टाईप करतेस का?"

"मग? छापलंय तसं नको का करायला?"

"नको! इथे चौकटीत लिहिलंय बघ."

काकूंनी चौकट वाचली, चिन्ह सोडून आज्ञा दिली, आणि यादी पडद्यावर आली. काकू म्हणाल्या, "एवढंच होतं?" आणि त्यांना रडू आलं. मलाही वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला. एवढ्याशा गोष्टीपायी एका शहाण्यासुरत्या बाईला स्वतःचं डोकं गेलं असं वाटावं?

माझ्यात सगळं ठीक होतं असं नाही. माझ्यातली चित्रं जुनी झाली होती, पडदा आता वेगळा दिसायचा. लेकीने छापल्याचं वर्ष बघितलं आणि म्हणाली, "चित्रांकडे लक्ष देऊ नकोस, आज्ञा त्याच आहेत. आणि काही बदललं असेल तर संगणकालाच कसं विचारायचं तेही यात दिलंय." बघा, याला म्हणतात पुस्तक बघून घेणं.

महिनाअखेरीला मोठे डॉक्टर आले. मागोमाग जावईही आले, आपल्या पुस्तकाचा पराक्रम बघायला. डॉक्टर म्हणाले, "आजची यादी जपणुकीत टाका." काकूंनी यादी शोधली. कॉपीची आज्ञा लिहिली आणि तिला माझ्या चौकटीतलं ते छोटं शेपूट जोडलं. ते जोडलं की संगणक जुनी फाइल पुसण्याआधी विचारतो. नाही जोडलं तर मुकाट पुसून टाकतो. संगणकाने विचारलं, 'याच नावाची फाइल तिथे आहे. तिच्यावर लिहू?' काल कुणीतरी जपणुकीत टाकलेल्या कालच्या यादीला चुकून आजचंच नाव दिलं होतं. काकूंनी 'नाही' म्हटलं, नवं नाव दिलं आणि कॉपी केली.

डॉक्टर खुर्चीवरून पुढे झुकले. "म्हणजे कालचे सगळे पेशंट पुसले गेले असते?"

"हो, सगळेच्या सगळे."

"काकू, खिडकी तुमचीच. कुठल्या पुस्तकातून शिकलात? औषधांच्या खिडकीवाल्यालाही तेच मागवू."

जावयांनी घसा साफ केला. "मीच आणून दिलं होतं, डॉक्टर. बाजारातलं सगळ्यात मोठं."

काकूंनी जावयाकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या नेहमीसारखं "हो ना" म्हणणार आणि औषधांच्या खिडकीतला तो गरीब माणूस डॉलर टाईप करत बसणार.

"जावईबापू, रागावू नका," काकू म्हणाल्या. "तुमचं पुस्तक मॉनिटरखाली आहे. आणि तिथे ते फार चांगलं काम करतंय. मी शिकले ती या मातकट पुस्तकावरून."

जावई चहा न घेताच गेले.

लेकीने प्रकाशकाला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "ते होय? ते बंद केलं. खपतच नव्हतं." ऐकलंत? खपत नव्हतं! वजन करून पुस्तकं नेणाऱ्यांनो, हे तुमचं काम आहे. तुम्ही ठोकळे नेलेत म्हणून ठोकळे छापले गेले, आणि माझी दुसरी आवृत्ती निघाली नाही.

म्हणून आता औषधांच्या खिडकीवाला काकूंच्या शेजारी स्टूल ओढून बसतो आणि दोघं मिळून मलाच वाचतात. काल तो अशा ठिकाणी चुकला जिथे माझ्यात चौकट नव्हती. काकू म्हणाल्या, "थांबा, हलू नका. परत एकदा चुका बघू." मग पेन्सिल घेऊन त्यांनी माझ्या समासात चौकट आखली आणि आत लिहिलं, 'इथेही चुकतं.'

माझा राग गेला असं समजू नका. पुस्तक घ्यायला जाल तेव्हा तुम्हाला अडलेला एक प्रश्न सोबत न्या, आणि जे पुस्तक त्याचं उत्तर देईल तेच घ्या. आणि मित्रांनो, माझ्यात लिहायचं असेल तर खुशाल लिहा, पण पेन्सिल नीट तासून घ्या. माझी दुसरी आवृत्ती निघते आहे, आणि ती एकच प्रत आहे.