मगरसरडीचा पाहुणचार

आमची सून प्राणिसंग्रहालयात सरपटणारे प्राणी सांभाळते. तिथल्या इमारतीची डागडुजी निघाली, तेव्हा रीतसर परवानगी काढून तिने एक मगरसरडी घरी आणली. शेपूट मगरीचं, बाकी सरडी; जगात फार थोड्या उरल्यात म्हणे. काचेच्या टाकीत पाण्यावर आडव्या लावलेल्या फांदीवर ती तासन्तास ढिम्म बसायची. कुणी जवळ गेलं की डुबकन पाण्यात. असे बसणारे आमच्या कचेरीत पुष्कळ होते, पण त्यांना दुर्मीळ कुणी म्हटलं नाही.

माझी थोरली बहीण आक्का आमच्याकडेच असते. तिने पहिल्याच दिवशी निकाल दिला, "पाल ती पाल. तिचे कसले लाड?"

सरडी गांडुळाला तोंड लावेना. सुनेचं स्वतःच्या ताटावरचं लक्ष उडालं.

"आणखी थोडे दिवस असंच गेलं तर ती हाती लागायची नाही, बाबा," ती म्हणाली. पाणी बदलायला तिने टाकीत हात घातला आणि थबकली. "हे कोमट कसं?"

आक्का एकदम खिडकीबाहेर बघू लागली. टाकीच्या मागून, शालीत गुंडाळलेली, तिची शेकायची पिशवी निघाली.

"उपाशी जीव, त्यात गार पाण्यात," आक्का म्हणाली. "मला बघवेना."

"आत्या, तिला गारच लागतं. उबेनं तिची भूक मेलीय."

"मग आधी सांगायचं."

"तुम्ही तिचे लाड कराल असं वाटलं नव्हतं."

"लाड कुठे? नुसतं शेकलं."

घरातली सगळ्यांत गार खोली आक्काची. म्हणून तिथे हीटर अखंड चालतो, आणि तो बंद करायचा विषय मी तरी काढत नाही. सून टाकीतलं कोमट पाणी उपसू लागली. आक्काने सरडीकडे पाहिलं. सरडीने कुणाकडेच पाहिलं नाही.

"न्या तिला माझ्या खोलीत," आक्का म्हणाली आणि हीटर बंद करायला स्वतःच उठली.

दोन-तीन दिवसांनी मी दारातून डोकावलो. दोन स्वेटर, कानटोपी, पायमोजे अशा थाटात आक्का टाकीशेजारी बसली होती. सुनेने चिमट्यात गांडूळ धरलं होतं. सरडीने मान वळवली, बराच वेळ विचार केला आणि गपकन ओढून घेतलं. सून तिथेच फरशीवर बसली नि डोळे पुसू लागली.

"सावकाश गं बाई," आक्काचे दात वाजत होते, "कुणी हिसकावत नाहीये."

"आक्का, आता बाहेर उन्हात ये," मी म्हटलं.

"थांब जरा. तिचं जेवण होऊ दे."